अकरा सुटी पानं

ता. ९ मार्च, दुपार

ती. भाऊजी,

नमस्कार. सकाळी ऑफिसात आले, खिडकी उघडली, ताईच्या खुर्चीवरचे कागद उचलून कपाटात ठेवले. मग तुमच्या रोपवाटिकेच्या वेबसाइटचं काम केलं. तुमचा गुडघा कसा आहे? पाण्याचे कॅन एकट्याने उचलत जाऊ नका.

परवा तुम्ही म्हणालात, "अजून तिच्याच नंबरवर फोन येतात गं लोकांचे. कुणाच्या लिंबाची पानं पिवळी पडलेली असतात, म्हणतात, ताईंना द्या. दर वेळी मला सांगावं लागतं, ती गेली." मी म्हटलं, लोकांच्या फोनमध्ये वेबसाइटची जुनी पानं साठून राहतात, चार दिवसांत थांबेल.

ते खरं नव्हतं. म्हणून हे पत्र. फोनवर मला जमलं नसतं.

ताईने वेबसाइट कशी बांधली ते सांगते. झाडागणिक एक पान, अशी दोनशेच्या वर पानं. पण वरची पट्टी, बाजूची यादी आणि तळाची फोन नंबराची ओळ तिने एकदाच, एका फाइलीत लिहिली. सगळी पानं तिथूनच घेतात. तिथे नंबर बदलला की सगळीकडे बदलतो. तुम्ही सांगितल्यावरही तिचा नंबर पुसायला मला दोन महिने लागले. पुसायला बसले तेव्हा मिनिटभराचं काम निघालं.

फक्त अकरा पानं सुटली. ती माझी. नवीन होते तेव्हा घाईत मी एक पान उचलून अकरा वेळा उतरवलं होतं, तळाच्या ओळीसकट. ताईने पाहिलं आणि हसली. "एका घरात अकरा चुली मांडल्यास! आता राखही अकरा ठिकाणची काढ." ती पानं ताईच्या त्या एका फाइलीला जोडायची होती; मी आज करते, उद्या करते म्हणत राहिले. तुम्ही दोघांनी मला तुमच्या मागच्या खोलीत दोन वर्षं ठेवून घेतलंत, तिने कामाला लावलं, आणि माझ्याच्याने एवढं झालं नाही.

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा तिने विचारलं, "तुझ्या चुली मोडल्यास का गं?" मी म्हटलं, हो.

तिला मी दुसरं काही खोटं सांगितल्याचं आठवत नाही. पण ती पानं उघडली की तो 'हो' समोर येणार, म्हणून मी उघडतच नव्हते. आणि फोन तुम्हाला घ्यावे लागत होते.

आज उघडली. पहिलंच पान नेच्याचं. वेबसाइटवर दिसत नाहीत अशा, फक्त काम करणाऱ्याने वाचायच्या ओळी आम्ही मधेमधे लिहितो. तशी एक ओळ वरच होती. ताईची. तारीख माझ्या 'हो'नंतर दोन दिवसांची.

"ही अकरा पानं धाकटीची आहेत. जोडली म्हणाली, जोडलेली नाहीत. कुणी हात लावू नये. ती करेल."

बसून काम होत नव्हतं तेव्हा तिला, पडल्यापडल्याच लिहिली असणार. एका मिनिटात तिने स्वतः जोडून टाकली असती. मला रागावताही आलं असतं तिला. तिने काहीच केलं नाही, फक्त माझ्यासाठी ठेवली.

भाऊजी, मला नीट बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. तिने मला जे दिलं ते मला आज कळलं, एवढंच लिहिते. तुम्हालाही इतके दिवस त्रास झाला. त्याची माफी मागते.

दहा पानं लगेच जोडली. नेच्याचं शेवटी ठेवलं. त्याच्या तळाला तिचा नंबर थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तेही जोडलं. वरची तिची ओळ ठेवली आहे, लोकांना ती दिसणार नाही. आता फोन वाजला तर तुमचाच वाजेल. लिंबाचं तुम्हाला तिच्याहून जास्त कळतं, ती स्वतःच म्हणायची.

पावणेतीन वाजले होते. तिची खुर्ची ओढली, तिच्यात बसले आणि डबा उघडून जेवले.

तुमची, आणि अजून तिचीही,
धाकटी