लाल पट्ट्याची टोपी

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या टोप्या कशा आहेत? वहिनी लिहिते, घरात माणसं दोन आणि निवृत्त सैनिकांच्या जुन्या टोप्या चाळीस. बाल्कनीत ऊन आलं की पहिला मान त्यांचा, मग तिच्या गाद्यांचा.

एक काम होतं. पुढच्या महिन्यात यांच्या पलटणीतल्या जुन्या मंडळींचा मेळावा आहे. आजारपणापासून यांनी उंबरा ओलांडलेला नाही. डॉक्टर म्हणतात, माणसांत गेले तरच उभारी धरतील. हे म्हणतात, पलटणीतल्या माझ्या टोपीशिवाय मी जाणार नाही. आणि ती टोपी तर ‘अडगळ गेली’ म्हणून यांनी स्वतःच तुझ्या गळ्यात मारली होती. तेवढी पाठवशील?

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
चिंगी

दि. ११ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टोपी पाठवतो आहे. लाल पट्ट्याची अशी टोपी आता कुणी शिवत नाही. माझ्या कपाटातली ती सगळ्यात मानाची. तिला इस्त्री नको, ओला हात नको. आतल्या घामाच्या डागाला साबण लावलास तर तू कोण आणि मी कोण. जावईबापूंना म्हणावं, आरशासमोर फार रेंगाळू नका.

तुझा कंजूष,
दादा

दि. १८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टोपी घातली, तर थेट भुवयांवर आली. हे आजारपणात किती वाळलेत, ते मला त्या क्षणी कळलं. हे मात्र म्हणाले, तुझ्या दादाने टोपी सैल केली. आत कागदाच्या घड्या घातल्या, त्या यांनी उपसून काढल्या. कागद भरून मिरवायला मी बुजगावणं नाही, म्हणाले. आता टोपी मांडीवर घेऊन खिडकीशी बसतात आणि मेळाव्याचं नाव काढू देत नाहीत.

तू आयुष्यभर शिंपीकाम केलंस, लोकांचे सैल कपडे आत घेतलेस. पण जुन्या टोपीला सुई लावायची नाही, हा तुझाच नियम. म्हणून मागत नाही, नुसतं कळवते. हे झोपले असताना टोपी पार्सलात बांधली आणि डोक्याचं माप दोऱ्याने घेतलं. दोन्ही सोबत आहेत.

चिंगी

दि. २५ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘मागत नाही, नुसतं कळवते’ म्हणत तू लहानपणापासून माझ्याकडून सगळं उकळलंस. मागची शिवण उसवून टोपी आत घेतली. तुझी वहिनी म्हणाली, सुईत दोरा ओवायला इतका वेळ? मी म्हटलं, वय झालं. मूळ शिवण गेलेल्या टोपीकडे आता माझ्यासारखे टोपीवेडे ढुंकूनही बघणार नाहीत.

जावईबापूंना सांग, चूक दादाचीच होती. ठेवून ठेवून कापड सैल पडलं होतं, ते दुरुस्त केलं.

दादा

दि. १४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मेळाव्याला गेलो. टोपी कपाळावर बरोबर बसली. जुने सोबती यांच्याभोवती असे जमले की मला बसायला खुर्ची मिळेना, आणि हे पूर्वीसारखे मोठ्याने हसत होते. दादा, किती दिवसांनी ऐकलं रे मी ते हसणं.

घरी आल्यावर तुला परत पाठवायची म्हणून टोपी काढायला गेले, तर यांनी माझा हात धरला. म्हणाले, “दादाला सांग, माझ्यानंतर घेऊन जा.” मला रडूच आलं.

तेव्हा कपाटातली तिची जागा मोकळीच ठेव, आणि ती खूप वर्षं तशीच मोकळी राहो, एवढा आशीर्वाद दे.

तुझी,
चिंगी