माहेरी येताना खिसे दाखव

बेंडिगो,
२८ सप्टेंबर

ति. क्लेमदादास,

थेल्माचा नमस्कार, कमरेला जमेल तेवढा वाकून. वि. वि.

तुझ्या सत्तरीला मी येतेय. नको म्हणू नकोस, तिकीट काढून झालंय. मर्विन येणार नाही. त्याला फेरीबोटीत मळमळतं, आणि तुझी बेटावरच्या राजकारणाची गाऱ्हाणी ऐकून जमिनीवरही मळमळतं, असं त्याचं म्हणणं.

अडचण एकच, बटन. वादळात ढोलीची फांदी मोडली आणि ग्लायडरचं हे पिल्लू खाली पडलं, खारीसारखं, अजून झाडावरून झाडावर तरंगायलाही न शिकलेलं. आई काही सापडली नाही. इथल्या प्राणी वाचवणाऱ्या मंडळींनी ते नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात टाकलं. गळ्यात म्हणजे खरोखरच, कापडी पिशवी अडकवून फिरते मी. सारखं दूध पाजावं लागतं. मर्विनवर सोपवावं तर तो चहाचं आधण ठेवून बाजारात निघून जातो. पिशवी इतकी लहान आहे की स्वेटरखाली कुणाला कळायचीही नाही. बघते काय करायचं ते.

पोपट पोचले का तुझ्याकडे? हिवाळा संपून ते समुद्रापार तुझ्याकडे निघाल्यापासून माझ्या निलगिरीखाली इतकी शांतता आहे की मर्विनचं घोरणंही बरं वाटतं.

लोभ आहे तेवढा ठेव, थोडा वाढवलास तरी माझी हरकत नाही.

तुझी,
थेल

*

ब्रूनी बेट,
६ ऑक्टोबर

चि. थेल्मास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून तसाच लिहायला बसलोय, म्हणून अक्षर असं आलंय.

‘स्वेटरखाली कुणाला कळायचीही नाही’ हे तू शुद्धीवर असताना लिहिलंस का? पलीकडे मोठ्या बेटावर कधीकाळी कुणीतरी असंच हौसेनं तुमच्याकडचं ग्लायडर नेलं होतं. आता तिथे ते ढोलीत शिरतं आणि अंड्यांवर बसलेली पोपटाची मादी बसल्या जागी खातं. अख्ख्या जगात हे पोपट उरलेत काही शे. आमच्या ब्रूनीवर ग्लायडर नाही म्हणून इथे निभतंय. आणि तू त्याला माझ्या वाढदिवसाला घेऊन येणार?

अगं, शेडमागची निलगिरी यंदा कित्येक वर्षांनी मनापासून फुललीय. जोडी आली, ढोली पाहिली आणि राहिली. मादी अंड्यांवर आहे. मी सकाळचा चहा तिथेच घेतो. ती बाहेर डोकं काढून माझ्याकडे बघते, भाडेकरू घरमालकाकडे बघतो तशी. तुझी वहिनी जोन गेल्यापासून माझी कुणी वाट पाहतंय असं मला पहिल्यांदाच वाटतंय. हसायचं तर हस.

एकटी ये. धक्क्यावर मी तुझे खिसे बघणार, आताच सांगून ठेवतो.

मर्विनला नमस्कार. तुझ्यावर माया आहे, तुझ्या सामानावर नाही.

तुझा,
क्लेम

*

ब्रूनी बेट,
२४ ऑक्टोबर

प्रिय मर्विन,

तुझी आणि बटनाची खुशाली कळव, आधी बटनाची. दूध कोमट हवं, गरम नको. थेंब मनगटावर टाकून बघायचा, जिभेवर नाही.

मी पोचले. बोटीतून पाय खाली टाकला नाही तोच दादानं सगळ्या रांगेदेखत माझी पर्स उलटी केली. माझे मोजे, गोळ्या, डबीतले दात, सगळं गावानं पाहिलं. मी म्हटलं, पोपट उन्हाळ्यात तुझे असतील, हिवाळ्यात माझेच असतात, त्यांचं वाईट मी कशाला चिंतीन? त्यावर म्हणतो, आता स्वेटर झटक. असा संताप आला की त्याच बोटीनं परत फिरणार होते.

पण घरी येऊन बघते तर वेगळंच प्रकरण. या शहाण्यानं खबरदारी म्हणून सकाळीच झाडाच्या बुंध्याला पत्रा ठोकला होता, बटनाला चढता येऊ नये म्हणून. पहिल्या घावालाच मादी जी उडाली ती दुपार झाली तरी परत नाही. नवरा चोच भरून आला, ढोलीशी बराच ओरडला आणि निघून गेला. ती लांबून यायची, अंगणातली माणसं, सॉसेज भाजल्याचा धूर आणि शेजारच्या पिअर्सलबाईंचा अकॉर्डियन बघून मागे वळायची. वर अंडी गार पडत होती. दादा बादली उपडी घालून बसला होता, पांढराफटक. मला म्हणाला, ग्लायडर आलंच नाही थेल, मीच पुरेसा होतो. वहिनी गेली तेव्हाचा त्याचा चेहरा मला आठवला, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग मी सूत्रं हातात घेतली. सगळ्यांना सांगितलं, केक उचला आणि धक्क्यावर चला. वारा असा की अर्धं क्रीम अग्निशमन दलाच्या कॅप्टनच्या मिशीवर गेलं. तिथून झाडापर्यंत आवाज पोचणं शक्यच नव्हतं, तरी बिचाऱ्यांनी वाढदिवसाचं गाणं कुजबुजत म्हटलं.

आम्ही दोघं लाकडाच्या ढिगामागे लपलो. दादानं माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतली. बऱ्याच वेळानं ती आली. ढोलीच्या तोंडाशी बसली, मान वाकडी करून पत्र्याकडे पाहिलं आणि आत गेली. दादा ओक्साबोक्शी रडला. मीही रडले, तुला सांगायला काय लाजायचं.

अंडी वाचली की नाही ते देवाला माहीत.

माझ्यावर जीव ठेव, पण गॅस आधी बंद कर.

तुझी,
थेल्मा

*

ब्रूनी बेट,
२ मार्च

चि. थेल्मास,

अनेक आशीर्वाद, आणि धक्क्यावरच्या प्रकाराबद्दल पुन्हा एकदा माफी. ही कितवी ते तूच सांग.

तीन पिल्लं उडाली हे तुला कळवलंच होतं. नंतर ती आसपासच होती, टेकडीवर गोंगाट करत. परवापासून टेकडी गप्प आहे. गेली, थेल, हिवाळ्यासाठी तुमच्याकडे. एवढीशी पोरं, जन्मात समुद्र पाहिला नाही आणि रस्ता सांगायला कुणी नाही. पिअर्सलबाई म्हणाल्या, लाखो वर्षं जाताहेत, तुमच्यावाचून अडलेलं नाही. बाई खरं बोलतात म्हणून मला आवडत नाहीत.

सकाळी चहा घेऊन सवयीनं शेडमागे गेलो आणि तिथेच उभा राहिलो. करमत नाही.

तू लिहिलंस की बटन आता मोठा झालाय, मोकळं सोडायची वेळ झाली आणि अंगणातल्या निलगिरीइतकी चांगली ढोली दुसरीकडे नाही. पण हिवाळ्यात पोपट त्याच झाडावर चरायला येतात, म्हणून माझी परवानगी हवी. माझ्या सत्तर वर्षांत तू मला पहिल्यांदा काही विचारलंस.

मी आठवडाभर विचार केला. तू म्हणतेस, तिकडे पोपटांचा संसार नसतो, फक्त जेवण असतं, आणि ही दोन्ही मंडळी त्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. त्या प्राण्यावर माझा विश्वास नाही, आणि कधी बसणारही नाही. तुझ्यावर आहे. सोड त्याला.

आणि माझी पोरं पोचली की कळव.

मर्विनला नमस्कार. माया आहेच, मागू नकोस.

तुझा,
क्लेमदादा