वडावरून उडी मारण्याआधी

बाई, तुम्ही असता तर आज मिळेल त्या गाडीनं हिमायतनगरला आले असते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही चांगलं घडलं की शाळेतल्यासारखं आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं. माझी लेक आता नववीत आहे. ती, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी, नांदेडच्या घरी रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून एक खेळ खेळतो. मी गोष्ट सांगायची, त्या तिघींनी त्यातली पात्रं व्हायचं. कुणी तलवारवाली, कुणी जादूगार. वार लागला की हुकला, ते फासे ठरवतात. चाळिशीतली बाई टेबलाशी बसून राक्षसांचे आवाज काढते म्हणून तुम्हाला हसू येईल. शेजारीण तर एकदा काळजीनं विचारून गेली, घरात सगळं बरं आहे ना.

मागं एकदा मी गुहेच्या छतावरून त्यांच्या अंगावर आठ पायांचं एक धूड टाकलं. काय जबरदस्त प्रसंग रचलाय, असं वाटून मी स्वतःवरच खूश. फासे पडले आणि लेकीची तिरंदाज, जिला ती वर्षभर जपत होती, जागच्या जागी मेली. लेकीनं फासे डबीत भरले.

"आई, हे चीटिंग हाय. वर काही हाय म्हणून तू बोललीच न्हाईस."

"तुम्ही विचारलं का वर बघून?"

"गुहेला छत हाय, हे तरी सांगितलंस का?"

पुढच्या रविवारी मैत्रिणी आल्या, पण ही खोलीतून बाहेर आली नाही. बाई, आमचं दोघींचं मोकळं बोलणं उरलंय ते या टेबलापुरतंच. बाकीचं शाळा, क्लास आणि मोबाईलनं खाल्लं. हा खेळ मोडला तर पोरगी माझ्या हातून सुटेल, या विचारानं माझा घास गोड लागेना.

भांडी घासता घासता मी ती गुहा मनाशी पुन्हा सांगून पाहिली. ओले दगड, पाणी, पावलांचे ठसे, हाडं. सगळं जमिनीवरचं. वरचा एक शब्द नाही! आणि एकदम तुमचा आवाज आला, "खाली काय सांडलंय का गं? वर बघ की!"

शाळेमागचा तो वड. सूरपारंब्यांचा डाव रंगलाय, पोरं फांद्यांवर, आणि आम्ही पोरी भिंतीला टेकून उभ्या. मान खाली घालून चालायचं, हे घरून पाठ करून आलेल्या आम्ही. तुम्ही चपला काढता, पदर खोचता. "झाडाला पोरगं-पोरगी कळत न्हाई. चढा." आणि आमच्या आधी तुम्हीच वर. हेडमास्तर खिडकीत येऊन चष्मा पुसतात आणि आत जातात. मग राज्य माझ्यावर येतं. मी रिंगणातल्या काठीपासून जरा हलले की मागं धप्पकन कुणीतरी उतरतं, काठीला हात लावतं, आणि राज्य पुन्हा माझ्यावरच. मी रडकुंडीला येते. तेव्हा तुम्ही वरूनच नवा नियम काढलात: उडी मारायच्या आधी वडाचं एक फळ खाली टाकायचं. "खूण द्या. तरी खालचा गाफील राहिला, तर मारा खुशाल उडी." आणि मला म्हणालात, "वरचा बी लई सुखात नसतो गं. एकदा खाली आला की परत चढायला येळ लागतो त्याला. मान वर ठेव, अन् काठीजवळ थांब."

मी लेकीच्या दाराशी गेले. म्हटलं, "तुझं बरोबर होतं. छत मी सांगितलंच न्हाई." ती नवं पात्र घेऊन टेबलाशी आली खरी, पण हाताची घडी घालूनच. मी गुहा नव्यानं रचली होती. किती उंच, वर किती अंधार, ते आधी सांगितलं. वरून झेप घेणाऱ्यालाही आपटल्याचा मार लागेल, असं ठरवलं. मग म्हणाले, "दिव्यावर चिमूटभर माती पडली." मैत्रिणी खजिन्याकडे निघाल्या. लेकीनं घडी सोडली.

"थांबा. पुढं जाऊ नका. भिंतीला पाठ लावा अन् वर बघा!"

आणि तिनं खरोखरच मान वर केली, आमच्या पंख्याकडे. मग मैत्रिणींनी, मग मीही. ते धूड पडलं, पण रिकाम्या जमिनीवर. तिघींनी असा दंगा केला की शेजारीण पुन्हा आली. मैत्रिणी निघताना लेक म्हणाली, "पुढच्या रविवारी लवकर बसू."

बाई, तुमच्या वेळी मात्र काहीच खूण पडली नाही. दिवाळीत मला आग्रह करकरून वाढणारी बाई, आणि पंधरवड्यात फोन येतो की गेल्या. त्याचा मला अजून राग आहे, कुणावर ते कळत नाही. हा कागद कुठं धाडणार, फाशांच्या डबीत ठेवते. एकच सांगायचं राहिलं. आमच्या गोष्टीतल्या गावाच्या वेशीवर मी एक वड लावलाय, त्यावर पदर खोचून एक राखणदारीण बसते. तिच्यावर कुणी वार केला की मी फासे हाताआड टाकते, आणि काहीही पडलं तरी हुकला म्हणून सांगते. लेकीला संशय आलाय, पण ती बोलत नाही. हे मात्र चीटिंगच हाय, बाई.