पाच नंबरचा रिकामा रकाना

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरांची बंदी आहे, तेव्हा तूर्त मनातल्या मनात वाकलो आहे.) तुझे गुडघे, तुझी मांजर आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवरचा तुझा राग, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे.

मी इकडे दवाखान्यात आहे. दचकू नकोस, मुक्काम संपत आलाय. पित्ताशयात खडे निघाले, ते पित्ताशयासकट काढून टाकले. आधी कळवलं नाही, कारण तू लगेच आली असतीस आणि माझ्या स्वयंपाकघरातले डबे पुन्हा 'नीट' लावले असतेस. (मागच्या वेळचं मीठ मला तू गेल्यावर महिन्याने सापडलं.) आणि आता फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तर टाके कोरडे आहेत, गुरुवारी घरी सोडायला डॉक्टर तयार आहेत, अडलंय ते फक्त एका रकान्यावर. त्या रकान्याकडे मी सिस्टरांच्या खिशावरून येतो, त्याशिवाय तुला नीट कळायचं नाही.

आमच्या वॉर्डात दिवसपाळीच्या सिस्टरांकडे सहा खाटा आहेत. म्हणजे सहा जणांची औषधं, सहा जणांचे ताप, कोणाचं पथ्य, कोणाची सलाइन, आणि कोणाचा तरी जावई जो डॉक्टरांना भेटल्याशिवाय दारातून हलत नाही. मी सारा जन्म गोदाम सांभाळण्यात घालवला. कुठला नट कुठल्या खणात हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचो. पण माझे नट जागचे हलत नव्हते आणि "सिस्टर, दुखतंय" म्हणून हाकाही मारत नव्हते. मग ही बाई एवढं सगळं ठेवते कुठे, या प्रश्नाने मला पछाडलं. पाळत ठेवल्यावर कळलं, खिशात! एक कोरा कागद. कामावर आल्या आल्या त्याला उभ्या घड्या घालायच्या, एका खाटेला एक पट्टी. वर नंबर, खाली औषधांच्या वेळा, प्रत्येक वेळेपुढे चौकोन. औषध पोटात गेलं की चौकोनात खूण, त्याआधी नाही. डॉक्टरांना विचारायचं ते तळाशी, कागद उलटा धरून लिहिलेलं. डॉक्टर आले की कागद फिरवायचा, सगळे प्रश्न सुलटे समोर! ही युक्ती मला गोदामात सुचली नाही याची अजून चुटपुट लागून राहिली आहे. पण खरी गंमत पुढेच. स्वतः पाहिलेलं त्या पेनाने लिहितात, नुसतं ऐकलेलं पेन्सिलीने. मी म्हणालो, पाणी भरपूर पितो. पेन्सिल. दुपारी बाटली रिकामी दिसली, तेव्हा त्यावर पेन. मी जरा फुगूनच विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" तर म्हणाल्या, "आहे ना काका, म्हणून तर लिहून ठेवते."

आता माझ्या पट्टीत काय काय आहे हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना. माझी खाट पाच नंबरची, खिडकीशी. सिस्टर कागद उलगडून लिहीत बसतात ते टेबल चार नंबरजवळ, आणि चार नंबरवर एक बसड्रायव्हर, त्यांना खिडकी हवी. (सवय.) दोघांचंही भलं होईल म्हणून सिस्टर जेवायला गेल्या तेवढ्यात आम्ही खाटा बदलल्या. त्या अकलेच्या कांद्यांना (त्यांतला एक मी) हे सुचलं नाही की ड्रायव्हरांचं संध्याकाळी ऑपरेशन आणि त्यांना पाण्याचा थेंबसुद्धा वर्ज्य. चहावाला आला, पाच नंबरपुढे चहा-बिस्किटं ठेवून गेला. मी समोर उपाशी! ड्रायव्हरांनी कप उचलला, तो मिशीपर्यंत पोचला, आणि सिस्टर दारात. त्यांनी आधी कप काढून घेतला, मग दोघांच्या मनगटावरच्या नावाच्या पट्ट्या वाचल्या. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "काका, मी माणूस मनगटावरच्या पट्टीवरून ओळखते, चहावाला खाटेवरून. कपभर चहाने यांचं ऑपरेशन रद्द झालं असतं." आम्ही खाली मान घालून आपापल्या खाटांवर परतलो.

पण कागदावरची माझी पट्टी मला ऐकायला मिळालीच. पाळी बदलताना जाणाऱ्या सिस्टर येणाऱ्या सिस्टरांना घेऊन खाटेखाटेशी थांबतात आणि कागद वाचून दाखवतात. "पाच नंबर. टाके कोरडे. जेवतात, चालतात. प्रश्न फार विचारतात. खाटेवर लक्ष ठेवणे." (हे शेवटचं मुद्दाम मोठ्याने.) "घरी बघायला कोण? अजून कळलेलं नाही." आणि कागद माझ्याकडे वळवून दाखवला. सगळी पट्टी भरलेली, तेवढाच रकाना कोरा. आठवडाभर जड उचलायचं नाही, घरी कोणी असल्याशिवाय सोडत नाहीत. मी म्हणालो, मी आहे ना मला. हे त्यांनी पेन्सिलीनेसुद्धा लिहिलं नाही. ताई, खोटं कशाला सांगू, त्या कोऱ्या जागेकडे बघून मला फार एकटं वाटलं. नंतर त्यांनी तो कागद बारीक फाडून टाकला. (मी हळहळलो. म्हणाल्या, नोंदी कॉम्प्युटरवर आहेत, हा फक्त डोकं मोकळं ठेवायला. उद्या नवा.)

तर असं आहे. तू मात्र गुडघे घेऊन धावपळ करू नकोस, माझं काही अडत नाही. मांजरीला कुरवाळणे, भाडेकरूला सोडून बाकी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र ड्रायव्हरांच्या पुतण्याबरोबर पाठवतोय. (त्यांचं ऑपरेशन छान झालं. आता रीतसर चहा पितात.) त्याची गाडी बुधवारी तुझ्या दारावरूनच इकडे परतणार आहे आणि मागची सीट रिकामी आहे. सहज कळवलं. मांजरसुद्धा मावेल.

ता. क. २. डबे तुला हवे तसे लाव. फक्त मीठ कुठे ठेवलंस ते सांग.

ता. क. ३. आज सकाळी नव्या कागदावर तो रकाना पुन्हा कोरा दिसला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मोठी बहीण येतेय." सिस्टरांनी लगेच लिहून घेतलं. पेन्सिलीने.