लाल फितीची झाडं

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून केला आहे. त्याच्या खाली जायला कंबर सध्या तयार नाही, तेव्हा उरलेला नमस्कार भेटीत. तुझी तब्येत कशी आहे? फोनवर विचारलं की तू आधी "बरी आहे" म्हणतेस आणि लगेच "ठेवते" म्हणतेस. या दोहोंच्या मध्ये मला शिरकावच मिळत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. (हाती आलेला कागद शेवटपर्यंत वाचायचा तुझा स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी तू साबणाच्या वेष्टनावरचासुद्धा सगळा मजकूर वाचून मगच ते टाकायचीस.) भावोजींना जाऊन चौदा महिने झाले, रोपवाटिकेला कुलूप लागून तेरा, आणि तुझ्या शेजारच्या काकू सांगतात की तू दूध घेण्यापुरतं दार उघडतेस, तेही अर्धंच. मी त्यावर काही बोलणार नाही. तू इकडे ये, असंही म्हणणार नाही, कारण ते माझं सहा वेळा म्हणून झालं आहे आणि सहाही वेळा तू "बघू" म्हणालीस. हे पत्र निव्वळ माझी हकिकत सांगायला आहे.

तर हकिकत अशी, की मी समाजकार्याला लागलो. दुकान बंद केल्यापासून (आता पाट्या यंत्रावर छापून येतात, रंगाऱ्याला कोण विचारतो) मी घरीच होतो. आधी मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर सुबक अक्षरांत नावं घातली. मग विजेच्या बटणांवर घातली. मी घराच्या आतल्या दारांकडे वळलो तेव्हा तुझ्या भावजयीने मला दंडाला धरून वस्तीमागच्या तळ्याकाठी नेलं आणि तिथल्या मंडळात भरती करून ती एकटीच परत आली. या मंडळात एकूण तेवीस माणसं आणि धड चालणारे गुडघे एकोणीस. दर रविवारी तळ्यातला प्लास्टिकचा कचरा काढायचा, काठावर झाडं लावायची आणि चहा प्यायचा, असा कार्यक्रम. त्यातला तिसरा भाग आजवर एकदाही चुकलेला नाही.

आमचे अध्यक्ष पस्तीस वर्षं हेडक्लार्क होते. त्यामुळे मंडळात हजेरीपट आहे, रजेचा अर्ज आहे, आणि फावडं बाहेर काढायला सही लागते. (एकदा पावसात आम्ही सगळे भिजत उभे होतो आणि ते छत्र्यांचा हिशेब जुळवत होते.) ते सकाळच्या, म्हणजे माझ्या, पाळीचे प्रमुख. संध्याकाळची पाळी नर्सबाईंची. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या, आवाज असा की झोपलेला माणूस उठून औषध घेईल. अध्यक्षांना ऊन सोसत नाही आणि नर्सबाईंचे सांधे दुपारनंतर मोकळे होतात, म्हणून या दोन पाळ्या. पण याचा परिणाम असा, की दोन्ही पाळ्यांची माणसं एकमेकांना कधी भेटतच नाहीत. दोघांत सामाईक गोष्टी दोनच: अवजारांच्या खोलीची किल्ली आणि त्या खोलीबाहेर मी रंगवलेला सूचनाफलक.

उद्यान खात्याच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला दोनशे रोपं दिली होती. अट एकच. यंदा काठ हिरवा झाला तर तो आमच्याकडे राहील, नाहीतर तिथे सिमेंटच्या पायऱ्या होतील. आम्ही रोपं लावली. त्यांच्याबरोबर तणही माजलं, आणि दोन महिन्यांत दोघंही गुडघ्याएवढी झाली. (धड चालणाऱ्या गुडघ्याएवढी.) आमच्यात झाडं ओळखणारं एकही माणूस नाही. हातात पंचांगासारखं पुस्तक धरून आम्ही प्रत्येक पानाशी वाद घालत होतो. शेवटी अधिकारी स्वतः एका रविवारी सकाळी आले, त्यांनी तण कोणतं ते बोटाने दाखवलं आणि आम्ही त्या प्रत्येकाला शिंप्याकडून आणलेली लाल फीत बांधली. ते उपटायचं काम संध्याकाळच्या पाळीचं, असं ठरलं. ठरवलं अध्यक्षांनी, एकट्यांनी. ज्यांनी पस्तीस वर्षं लाल पेन्सिलीने मजकूर रद्द केला, त्यांना लाल म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागेल असं स्वप्नातही वाटलं नाही.

आता नर्सबाईंच्या दवाखान्यात ज्याच्या खाटेला लाल चिठ्ठी, तो रोगी गंभीर. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे धावायचं. संध्याकाळी त्या आल्या, काठावर शंभर-सव्वाशे लाल फिती बघितल्या आणि त्यांनी पदर खोचला. तणाला खत घातलं गेलं. तणाला पाणी मिळालं. वाकलेल्या तणाला काठीचा आधार देऊन पट्टी बांधली गेली. आणि ज्यांना फीत नाही, ती आजूबाजूला उगीच गर्दी करणारी झुडपं, म्हणजे आपली दोनशे रोपं, त्यांनी मुळासकट काढायला घेतली, रोग्याला मोकळी हवा मिळावी म्हणून.

पुढच्या रविवारी अध्यक्षांनी पाहिलं तर फितीवाली झाडं जागच्या जागी, उलट टवटवीत. त्यांनी स्मरणपत्र क्रमांक एक लिहून फायलीत लावलं (ती फाईल संध्याकाळची पाळी उघडत नाही) आणि प्रत्येक झाडाला दुसरी फीत बांधायला लावली. संध्याकाळी नर्सबाईंनी दोन-दोन फिती बघितल्या, प्रकृती ढासळते आहे हे ओळखलं आणि पाणी दुप्पट केलं. तिसऱ्या रविवारी स्मरणपत्र क्रमांक दोन आणि फिती तीन. त्या संध्याकाळी म्हणे काही मंडळी घरी जायलाच तयार होईनात. शिंप्याकडची फीत संपली. इकडे रोपं किती कमी झाली हे आमच्या लक्षात आलं नाही, कारण तण इतकं जोमदार वाढलं होतं की काठ खरोखरच हिरवा दिसत होता आणि आम्ही एकमेकांचं अभिनंदन करत होतो.

चौथ्या रविवारी माझा चष्मा अवजारांच्या खोलीत राहिला म्हणून मी संध्याकाळी परत गेलो. बघतो तर आठ माणसं एका तणाभोवती गोल करून उभी, नर्सबाई वाटीने त्याला पाणी पाजताहेत आणि सगळ्यांचे चेहरे गंभीर. मला आधी कळेना, मग कळलं, आणि मग हसू की ओरडू हे ठरेपर्यंत पाय निसटून मी कमरेवर आपटलो. नमस्कार अर्धवट राहिला तो त्यामुळे.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाळ्यांना एकत्र बोलावलं आणि अधिकारी आले. काठावरून दोनदा फिरले. म्हणाले, एवढ्या वर्षांच्या नोकरीत या तणाची इतकी चांगली निगा मी कुठे पाहिली नाही. अध्यक्ष खाली बघत होते. नर्सबाई रडत होत्या, आणि ताई, मला त्यांचा मुळीच राग आला नाही. कारण मग असं निघालं, की उपटलेली रोपं त्यांनी फेकलीच नव्हती. जिवंत वस्तू फेकायची सवय नाही म्हणाल्या, आणि अवजारांच्या खोलीतल्या कोपऱ्यावरचं गोणपाट बाजूला केलं. मुळांना ओली फडकी गुंडाळून रांगेने ठेवलेली सगळी रोपं. अर्धीअधिक वाळली होती. नव्वद अजून हिरवी आहेत. अधिकाऱ्यांनी आम्हाला महिनाभराची मुदत दिली.

ती नव्वद आता आमच्या न्हाणीघरात आहेत, कारण घरात गारवा तिथेच. तुझी भावजय मोरीच्या कडेला एका पायावर उभी राहून आंघोळ करते आणि मला काही बोलत नाही, हे जास्त वाईट. सकाळी मी तिथे स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघतो. तुमच्या रोपवाटिकेत भावोजी असेच बसायचे, आठवतं? आणि तू मागून येऊन दोन बोटांनी पान चिमटून सांगायचीस, हे जगेल, हे नाही. कधी चुकली नाहीस. भावोजींची फार आठवण येते गं. त्यांनी ही फितींची गोष्ट ऐकली असती तर पोट धरून हसले असते आणि मग गुपचूप पिशवी भरून पहिल्या गाडीने इकडे आले असते.

असो. खात जा, झोपत जा. काकूंना सांगून पत्र मिळाल्याचं कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. तुला म्हणून खरं सांगतो. लाल फीत म्हणजे काय, हे फलकावर लिहायला अधिकाऱ्यांनी जाता जाता मला सांगितलं होतं. मी मंडळाचं नाव सावलीच्या अक्षरांत काढलं, कडेने वेलबुट्टी काढली, पदाधिकाऱ्यांची यादी घातली, आणि फितीच्या ओळीला जागाच उरली नाही. अध्यक्ष नर्सबाईंना दोष देतात, नर्सबाई स्वतःला, आणि मी मान डोलावतो. घरी कळू देऊ नकोस.

ता. क. २. रोपं जगतील की नाही हे कसं ओळखायचं, तेवढं पत्राने कळवलंस तरी पुरे. नाही, पुरे नाही. मी रोज एकेक फडकं सोडून मुळं फुटली का बघतो. लहानपणी असंच करायचो आणि तू माझ्या हातावर चापट मारायचीस. आता चापट मारणारं कुणी नाही, म्हणून नव्वदची सत्याऐंशी झाली आहेत.

ता. क. ३. नवा फलक रंगवला. वेलबुट्टी नाही. वर लिहिलं: "लाल फीत म्हणजे उपटायचं झाड." खाली लिहिलं: "शंका असल्यास ताईंना विचारावे." तेलरंग आहे, दोन हात दिले आहेत, आता पुसला जाणार नाही. ती ओळ लिहिल्यापासून दोन्ही पाळ्यांची माणसं रोज दाराशी येऊन विचारतात, ताई कधी येणार? मी "बघू" म्हणतो, आणि ती बिचारी अर्ध्या उघड्या दारातून परत जातात.