शेवटी बाहेर पडणारा अधिकारी

२ सप्टेंबर २००३, मंगळवार
काल दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि आज बाप्पा पावला. फ्रेडरिकसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुळसकर, हजेरी भरून झाली की तुम्ही दिवसभर तसे मोकळेच असता. माझं वेळेचं नियोजन मालकांच्या नजरेत आलं म्हणायचं. हॉलंडच्या पार्टीची तपासणी २६ तारखेला. त्या लोकांना आता नुसती मेणबत्ती चांगली असून चालत नाही. कारखान्याला आग लागली तर माणसं बाहेर कशी पडणार, तेही करून दाखवावं लागतं. ते काम माझ्याकडे. तपासणी पास झाली तर ‘सेफ्टी मॅनेजर’ हे पद, शिवाय खोक्यांची खोली रिकामी करून केबिन. नापास झाली तर काय, ते साहेब बोलले नाहीत, पण हॉलंडची ऑर्डर गेली तर गास गावातल्या या कारखान्यात निम्मे हात रिकामे बसतील. पहिला मीच.

गिरगावातल्या ऑफिसला टाळं लागल्यापासून पाच वर्षं इथे हजेरी मांडतोय. वय सत्तेचाळीस. विनयाचा भाऊ बत्तिसाव्या वर्षी मॅनेजर झाला आणि दर दिवाळीत होतोच आहे. घरी आल्या आल्या तिला सांगितलं, पद जवळजवळ मिळालंच. ती म्हणाली, जवळजवळ म्हणजे किती. बायकांना तपशिलात फार रस असतो.

संकल्प: रोज डायरी. रोज सूर्यनमस्कार.

३ सप्टेंबर, बुधवार
सूर्यनमस्कार उद्यापासून.
आराखडा तयार. कागदावर आपला कारखाना फार देखणा दिसतो. दारं दोन. पुढच्याकडे लाल बाण, मागच्याकडे हिरवे. मागच्या दाराला खोकी रचलेली आहेत, ती नकाशात घेतली नाहीत. उगाच गर्दी होते.
येताना पांढरं हेल्मेट घेतलं. जेवताना विनया म्हणाली, निदान आमटी ओढताना तरी काढा.

५ सप्टेंबर, शुक्रवार
घरी अचानक तालीम घेतली. विनया बटाटेवडे तळत असताना ‘आग!’ म्हणून ओरडलो आणि तिला ओढत जिन्यात आणलं. दार मागे लॅच झालं. किल्ली आत. शेजाऱ्यांकडे दीड तास बसलो. गॅस तिने निघता निघता बंद केला होता, ते कलम आराखड्यात नव्हतं. शेजारी हेल्मेटबद्दल विचारत होते, थोडक्यात सांगितलं. वडे थंड झाले. एकूण कुटुंबात शिस्त कमी आहे.

८ सप्टेंबर, सोमवार
मरियामातेच्या जन्माचा सण. पॅकिंगच्या अर्ध्याहून जास्त बायका रजेवर. तालीम पुढे ढकलली. घाईत केलेली सुरक्षा ही सुरक्षाच नव्हे.

१० सप्टेंबर, बुधवार
रोझमेरीला बोलावलं. पॅकिंगची मुख्य, गासचीच. चाळीस माणसं तिचं ऐकतात. ती माझं ऐकेल एवढीच व्यवस्था करायची आहे. मागच्या दारातली खोकी हलवायला सांगितली. कुठे हलवू, म्हणाली. तूर्त पुढच्या दारात ठेवली. मागचं दार आता लख्ख मोकळं. नकाशातले लाल बाण हिरवे केले.

बाहेर पडल्यावर माणसं मोजायचं काम तिलाच दिलं. तुम्हाला धरून मोजू की सोडून, असं तिने विचारलं. मी समजावलं की अधिकाऱ्याला मोजत नसतात. अधिकारी सगळे गेल्याची खात्री करून शेवटी बाहेर पडतो. तिने मान डोलावली. मुद्दा पटला असावा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पहिली तालीम. साहेब भोंगा घ्यायला तयार नाहीत, जेवणाचीच घंटा वापरा म्हणतात. घंटा दिली. निम्मे जण डबे घेऊन उठले. त्यांना डबे ठेवायला परत पाठवलं.

पुढचा घोळ माझ्या हातातला नव्हता. आमच्याकडे आत चपला चालत नाहीत. तळव्याला लागून मेण बाहेर जातं आणि साहेबांच्या जिवाला लागतं. त्यामुळे सगळ्यांच्या चपला दारात. लोक रांगेने छान दारापर्यंत आले आणि तिथे वाकून आपापली जोडी शोधू लागले. मागून रेटा. दोघी बाहेर जाऊन परत आत आल्या, कारण एका पायात दुसरीची आली होती. जीव मोठा की चप्पल, असं मी ओरडून विचारलं. गर्दीतून उत्तर आलं की नवीन आहे, परवाच पापडी गावच्या बाजारातून घेतली.
मीही आतच राहिलो. मेणाच्या कढया सांभाळतो तो पीटर माझेच सँडल घालून गेला होता.

१६ सप्टेंबर, मंगळवार
नवा नियम: चपला बाहेर चिंचेखाली काढायच्या. म्हणजे दारात अडचण नाही. दुपारी कुत्र्याने रोझमेरीची डावी चप्पल नेली. नियम मागे घेतला. लवचिकता हा चांगल्या अधिकाऱ्याचा गुण आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार
दुसरी तालीम. कामाचा खोळंबा नको म्हणून जेवणाआधी, बरोब्बर बाराला ठेवली. मी घंटा दिली आणि त्याच क्षणी चर्चची बाराची घंटा सुरू झाली. सगळ्या बाया जागच्या जागी उभ्या राहून डोळे मिटून प्रार्थना करू लागल्या. आमच्या हिंदू बायांनीही बघून हात जोडले. मी ‘आग, आग’ म्हणत मधून फिरत होतो. रोझमेरीने डोळे न उघडता एक बोट वर केलं, प्रार्थना पुरी केली, क्रूसाची खूण केली आणि मग विचारलं, कुठे लागली म्हणता आग.
तक्रार करायला केबिनमध्ये गेलो तर साहेबही उभेच होते. मग मीही जरा वेळ उभा राहिलो.

२२ सप्टेंबर, सोमवार
आज एक चमत्कार पाहिला. पाचूबंदरची कोळीण मार्गारेट माशांची टोपली घेऊन मागच्या दाराशी आली आणि ‘पापलेट’ एवढंच ओरडली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अख्खा हॉल रिकामा. अनवाणी. चपलांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पीटरनेसुद्धा आधी शेगड्या बंद केल्या आणि मगच धावला. मी हेल्मेट घालून एकटाच उभा.

आधी संताप आला. मग कल्पना आली. मोठी माणसं अशीच मोठी होत असावीत. मार्गारेटला गाठून सांगितलं, २६ तारखेला अकराला इथेच येऊन अशीच ओरड. तिने विचारलं, तुला मासा कुठला पायजे. मी म्हटलं, मासा नको, नुसती ओरड हवी, सरकारी पद्धतीचं काम आहे. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, “तू सोता समोर उभा राह्यला पायजे. नायतर मी परत नाय येनार.” तसा शब्द दिला.

२५ सप्टेंबर, गुरुवार
सगळं सज्ज. भाषण पाठ. वातावरणनिर्मितीसाठी ओलं फडकं जाळून थोडा धूर करशील का, असं पीटरला विचारलं. तो म्हणाला, मेणाजवळ धूर करायला मला वेड लागलंय काय. कल्पनाशक्ती सगळ्यांना नसते.
विनयाने शर्टाला कडक इस्त्री केली. न सांगता. तिलाही मनातून वाटतंय की व्हावं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.
क्रमाने लिहितो.
तपासणीच्या बाई मुंबईहून दहालाच आल्या. साहेब त्यांना घेऊन अंगणात फिरत होते. मी भाषण एकदा मोठ्याने म्हणून बघावं म्हणून खोक्यांच्या खोलीत, म्हणजे माझ्या होणाऱ्या केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर घंटा, मग पळापळ. मार्गारेट लवकर आली, असं समजलो. पावलं सगळी मागच्या दाराकडे जाताना ऐकून धन्य वाटलं. मग धुराचा वास आला. पीटरला अखेर माझं म्हणणं पटलं, या विचाराने भरून आलं. माणूस ओळखण्यात मी सहसा चुकत नाही.

अधिकारी शेवटी निघतो, म्हणून खोक्यावर बसून राहिलो. भाषण आणखी दोनदा म्हटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते आधी भावनेचं वाटलं. मग खोकला थांबेना. आता उठावं असं ठरवत होतो तेवढ्यात दार उघडलं. पदर नाकाला लावून मार्गारेट. मनगट धरून तिने मला अंगणात नेलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “हा बगा, आत बसलाय. तुमी सगळी च्या पिताव, नि याला कोनी हाक पन नाय मारली?”

खरी गोष्ट अशी की पीटरच्या एका कढईतलं मेण पेटलं होतं. त्याने गॅस बंद करून वर झाकण मारलं. ज्वाला विझली, धूर राहिला. रोझमेरीने घंटा दिली, निघा म्हणाली आणि सगळे अनवाणी निघाले. तिने माणसं मोजली आणि बाईंना सांगितलं, सगळे आले. बाईंनी मान डोलावली. चहा आला. तो पिऊन झाला. अकराला मार्गारेट आली आणि तिने विचारलं, तो पांढरे टोपीवाला कुठं हाय. तेव्हा कुठे एकेकाची तोंडं पाहण्यासारखी झाली म्हणे.

रोझमेरी जवळ आली. “तुळसकरभाऊ, तुम्हीच सांगितलं होतं ना, मला मोजू नको?”
सांगितलं होतं. त्यात तिची चूक नाही. पण मोजायचं नव्हतं, आठवायला काय हरकत होती? पाच वर्षं या सगळ्यांची हजेरी मांडतोय. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे इथेच लिहितो.

घरी विनयाने शर्टावरची काजळी पाहिली. सगळं ऐकून विचारलं, कोणाच्याच लक्षात आलं नाही? मी म्हटलं, अधिकारी शेवटीच निघतो, पद्धत आहे तशी. तिने ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

२९ सप्टेंबर, सोमवार
अहवाल आला. पास. ऑर्डर राहिली. शेरा एकच: एक माणूस आत राहिला होता. नाव घातलेलं नाही, बाई सभ्य आहेत. साहेबांनी सेफ्टीचं काम रोझमेरीकडे दिलं. मला म्हणाले, तुळसकर, हजेरी तुमच्यासारखी कोणी मांडत नाही. पुढच्या दारातली खोकी माझ्या होणाऱ्या केबिनमध्ये गेली. हेल्मेट रोझमेरीला देऊ केलं, तिला मोठं होतं.

दुपारी तिने तिची पहिली तालीम घेतली. दोन नियम नवे केलेत. पहिला, मोजणी माझ्यापासून सुरू करायची. दुसरा, पीटरने गॅस बंद केला की आधी मला हाताला धरून बाहेर आणायचं, मग बाकीचं. पीटर आला, त्याने हात धरला. सँडल शोधू दिले नाहीत. अंगणात रोझमेरीने माझ्याकडे बोट करून ‘एक’ म्हटलं आणि मगच बाकीच्यांकडे वळली.

घरी विनयाला सांगितलं की कारखान्यात माझा नंबर आता पहिला आहे आणि माझ्यासाठी एक वेगळा माणूस नेमलाय. तिने विचारलं, मग पद कुठलं दिलं?
नाव अजून ठरायचंय, म्हटलं.