आबांनी पाहिलेला मंगळ

प्रिय आबा,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला सवड नव्हती, त्यामुळे आपलं सगळं फोनवरच भागायचं. आज बसले, कारण काल म्हसवडहून शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला. शनिवारी मुलांना मंगळाची चित्रं दाखवायला या, म्हणाले. वर म्हणाले, "मॅडम, सुरुवात आबांपासनंच करा. त्यांनी मंगळावरचे डोंगर बघितले, ही गोष्ट गावात अजून सांगतात."

मी खूश झाले. आई आता सांगलीला माझ्याकडेच असते. ती शेंगा फोडत बसली होती, तिला जाऊन सांगितलं. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"त्यास्नी कुठं काय दिसलं हुतं?" म्हणाली.

आबा, तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, आणि हे मला आत्ता कळावं?

ती दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवते ना? दुपारी दार लोटून घेतलं होतं, लॅपटॉप धान्याच्या कणगीवर ठेवला होता. मी तुम्हाला माझं काम समजावत होते. मंगळाभोवती फिरणारं यान एका जागेचा फोटो घेतं. पुढच्या एखाद्या फेरीत त्याच जागेचा फोटो थोडा बाजूनं पुन्हा घेतं. ते दोन फोटो जोडीनं ठेवले की कुठला कडा किती उंच, कुठला उतार किती अवघड, हे मोजता येतं. कॉलेजात मी दिवसभर तेच मोजते. पण माणसाला दाखवायचं तर आकडे काय कामाचे? मग एक फोटो लाल, एक निळा करून एकावर एक टाकायचा आणि लाल-निळ्या काचांचा पुठ्ठ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवायचा. प्रत्येक डोळ्याला आपापला फोटो मिळतो आणि सपाट पडद्यातून डोंगर वर येतो.

प्रत्येक डोळ्याला! हे मी दरवर्षी वर्गात पहिल्या तासाला सांगते. त्या दुपारी तुमच्यासमोरही सांगितलं. आणि तुमचा डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला.

विसरले कशी? खरं सांगू का, तुम्हाला दोन डोळ्यांचं मी कधी पाहिलंच नव्हतं. मिशी होती तसा तो मिटलेला डोळा होता. आपल्या बापाची मिशी कुणी रोज नव्यानं बघत नाही.

तुम्ही आधी खरं तेच बोललात. "नुस्तं निळं दिसतंय गं. रान सपाट हाय." उजव्या डोळ्यासमोर निळी काच, दुसरा फोटो तुमच्यापर्यंत पोचतच नव्हता. उत्तर अगदी बरोबर होतं! आणि मी, याच विषयात डॉक्टरेट केलेली बाई, काय म्हणाले? "आबा, जरा लक्ष देऊन बघा की. पाचवीतल्या पोरांना दिसतं."

मग मी चष्म्याची काच पदरानं पुसली. पडदा कलता केला. पुन्हा म्हणाले, नीट बघा.

"व्हय व्हय, आलं की," तुम्ही म्हणालात. "वर आलं. लय उंच हाय."

मी टाळ्या वाजवल्या. शरम वाटते आता.

आई सांगते, त्याच संध्याकाळी तुम्ही पारावर जाऊन मंगळाचं वर्णन केलंत. डोंगर आपल्यासारखेच, माळ आपल्यासारखाच, चारा तेवढा न्हाई, मेंढरं न्यायची सोय न्हाई. सगळं गाव तुमच्याभोवती! थाप मारावी तर तुम्हीच.

एकदा म्हणायचं होतंत ना, की सवे, मला डोळा एकच हाय. मी आईला तसं म्हटलं, तर ती माझ्यावरच उखडली. "लेकीला कुठल्या तोंडानं सांगायचं? तुला ठावं न्हवतं व्हय?"



आज सकाळी कॉलेजात जाऊन मी एक केलं. तेच दोन फोटो, रंग न देता, पडद्यावर भराभर आलटून पालटून लावले. एक, दुसरा, एक, दुसरा. डावा डोळा तळहातानं झाकला. विवराचा काठ वर आला, तळ खाली गेला. एका डोळ्यानं दिसतं, आबा. मेंढरं ओढ्यात घालायच्या आधी तुम्ही काठावर दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं सरकायचात आणि मग सांगायचात, "हितं दरड खोल हाय, म्होरनं उतरू." तेच हे. मंगळाभोवतीच्या त्या यानालाही डोळा एकच आहे, तेही जागा बदलूनच बघतं. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. दिवाळीतल्या त्या दुपारी हे करायला पाच मिनिटं लागली असती.

कामाच्या टेबलावर मी सहसा रडत नाही. आज रडले.

आता शनिवारचं. मुलांना पुठ्ठ्याचे चष्मे शेवटी देईन. आधी सगळ्यांना एक डोळा झाकायला लावीन आणि त्या एका डोळ्यानं मंगळ दाखवीन. मग आबांची गोष्ट सांगीन, पण गावात सांगतात ती नव्हे. आबांना त्या दिवशी काहीही दिसलं नव्हतं, असं सांगीन. हेडमास्तरांचं तोंड उतरेल. पारावरची मंडळी म्हणतील, मेलेल्या बापाला पोरीनं खोटं पाडलं. म्हणू देत. लेकीनं दोनदा खेकसून 'नीट बघा' म्हटलं म्हणून त्या माणसानं 'दिसतंय' म्हटलं, आणि तिला कमीपणा येऊ नये म्हणून मरेपर्यंत ते निभावलं, हे गावाला माझ्याच तोंडून कळेल. तेवढं बोलून होईपर्यंत मी मंचावरून उतरणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
सवी